फिजीत आठ रात्री: यादी कशी छाटायची

तुमच्या यादीत चौदा ठिकाणं आहेत आणि हातात आठ रात्री. सोबत पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आई. आई शुद्ध शाकाहारी, त्यांना पोहता येत नाही, जिना उतरताना हात धरावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून निघून फिजीला जायचंय, आणि तुम्ही विचारलंय की या चौदांतली चुकवू नयेत अशी कोणती.

प्रशांत महासागरातल्या बेटांच्या सहली आखून देणं हे माझं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. चौदांतली पहिली पाच निवडून देणं सोपं आहे, पण त्यानं तुमचं काम होणार नाही. ठिकाणं सगळीच चांगली आहेत. अडचण अशी की ती चार दिशांना पसरलेली आहेत. तावेउनीला विमानानं जायचं, यासावाला बोटीनं, लेवुकाला आधी बस आणि मग फेरी, सुवाला रस्त्यानं. फिजीत तीनशेच्या वर बेटं आहेत, त्यातल्या शंभरेक बेटांवर वस्ती आहे. पण एका बेटावरून शेजारच्या दुसऱ्या गटातल्या बेटावर जायचं म्हटलं, तर बहुतेक वेळा परत नांदीला, म्हणजे विमानतळाच्या गावी, येऊनच जावं लागतं. तेव्हा 'काय पाहायचं' हे नंतर. आधी दोन गोष्टी ठरवा: बॅगा किती वेळा भरायच्या, आणि आईंना कोणत्या बोटीत बसवायचं.

नावांबद्दल एक सूचना. तिकिटावर आणि नकाशावर जे 'नाडी' दिसेल ते बोलताना 'नांदी'. तसंच मामानुका नाही, मामानुथा. बेका नाही, बेंगा. तिथल्या स्पेलिंगमध्ये 'सी'चा थ होतो, 'डी'च्या आधी न लागतो. मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. नकाशावर शोधताना तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर ही बेटं सापडणार नाहीत.

आता भूगोल, कारण तुमचे निम्मे निर्णय तोच घेतो. तुम्ही उतराल ते मुख्य बेट म्हणजे विती लेवू. विमानतळ पश्चिमेला नांदीला, राजधानी सुवा आग्नेयेला. मध्ये डोंगर, सर्वांत उंच शिखर १३२४ मीटरचं. वारे वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून येतात, त्यामुळे सुवाच्या बाजूला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगराआडच्या नांदीला त्याहून खूप कमी. महाबळेश्वर भिजत असताना वाईत ऊन असावं, तसाच प्रकार. म्हणून 'फिजीत मे महिन्यात पाऊस असतो का' याला एक उत्तर नाही. नांदी, मामानुथा आणि यासावा या कोरड्या बाजूला मे छान असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम नुकताच संपलेला असतो, हिरवळ ताजी असते आणि समुद्राचं पाणी अजून कोमट असतं. सुवाला मात्र मे असो वा ऑगस्ट, छत्री न्यायचीच. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी आणि फिजीचा कोरडा मोसम नेमका मेमध्ये जुळतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ही खात्री देता येत नाही. तिथे दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते आणि नांदी, लौतोका दिव्यांनी उजळतात, हे खरं. पण तेव्हा पावसाळा दारात असतो.

तर समुद्राचा भाग. लोक फिजीला येतात ते त्यासाठीच. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत: जवळचा मामानुथा समूह किंवा लांबचा यासावा समूह.

फोटो पाहून सगळे यासावा मागतात, आणि फोटो खोटे नाहीत. डोंगराळ, उंच बेटांची ती रांग विती लेवूच्या वायव्येला सरळ पसरली आहे. उत्तर टोकाजवळ ब्लू लगून आहे. त्याच्याही वर सावा-इ-लाऊच्या चुनखडीच्या गुहा. तिथे पहिल्या गुहेत वरून उजेड येतो आणि दुसऱ्या गुहेत जायला पाण्याखालून एक बुडी मारावी लागते. नाविती आणि द्रावांगा बेटांच्या मधल्या खाडीत मे ते ऑक्टोबर मांटा रे येतात. पंख पसरलेला तो प्रचंड मासा पोहणाऱ्याच्या खालून शांतपणे निघून जातो. पोहता येणाऱ्या तरुण जोडप्यानं विचारलं असतं, तर मी त्यांना डोळे मिटून यासावात पाच रात्री दिल्या असत्या आणि बाकी सगळं काटलं असतं.

पण तुमच्या आई. यासावाला रोज एकच मोठी बोट जाते, पिवळी कॅटामरान. नांदीजवळच्या देनाराऊ बंदरातून सकाळी निघते, वाटेत बेटाबेटाला थांबत उत्तरेला पोचायला साडेचार तासांच्या आसपास घेते, आणि त्याच वाटेनं संध्याकाळी परतते. ती धक्क्याला लागत नाही, ही गोष्ट कुठल्या जाहिरातीत ठळक लिहिलेली नसते. मोठी बोट समुद्रात थांबते, रिसॉर्टची छोटी होडी तिला येऊन चिकटते, आणि बॅगांसकट तुम्ही एकीतून दुसरीत उतरता. दोन्ही बोटी हलत असतात. मग ती होडी किनाऱ्यापाशी येते आणि शेवटचे काही फूट गुडघाभर पाण्यातून चालायचं. तुमच्या मुलीला यात धमाल वाटेल. जिना उतरताना हाताचा आधार लागणाऱ्या बाईंना मी या बोटीत बसवणार नाही. तिथले खलाशी मदत करतात, अगदी उचलूनही घेतात. प्रश्न मदतीचा नाही. जाताना हे सगळं करायचं, आणि परत येतानाही करायचं, या काळजीत आईंचे मधले दिवस जातील.

मामानुथात असं नाही. मालोलो लाइलाइ नावाच्या बेटावर धक्का आहे, देनाराऊहून दिवसातून अनेक फेऱ्या आहेत आणि तासाभरात पोचता येतं. माना बेटालाही धक्का आहे. तुमच्यासाठी माझी पसंती मालोलो लाइलाइला. किनाऱ्यालगतचा भाग सपाट आहे, चालायला सोपा, राहायच्या जागा एकापेक्षा जास्त आणि पैशांच्या वेगवेगळ्या पातळीच्या. आई सावलीत बसल्या असताना तुम्ही आणि मुलगी समोरच पाण्यात असाल. तिथून दिवसाची सहल म्हणून मोनुरीकीला जाता येतं. निर्मनुष्य बेट आहे, एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण तिथे झाल्यापासून प्रसिद्ध. मला त्या सिनेमापेक्षा तिथल्या तुरेवाल्या इग्वानाचं अप्रूप जास्त आहे. हा हिरवा सरडा फिजीबाहेर कुठेच नैसर्गिकरीत्या सापडत नाही.

सर्फिंगचं क्लाउडब्रेक तुमच्या यादीत का आहे ते मला कळलं नाही. जगातल्या नामांकित लाटांपैकी ती एक आहे, पण ती कसलेल्या सर्फरांसाठी. तुम्हाला लांबून होडीतून फक्त फेस दिसेल.

मुलीला स्नॉर्कलिंग पहिल्यांदाच करायचं असेल, तर आधी मुखवटा हॉटेलच्या तलावात लावून बघा. समुद्रात लाइफ जॅकेट तिलाही आणि तुम्हालाही, लाज न बाळगता. अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि पायात रबरी बूट घाला. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे दोघांच्याही भल्याचं आहे. प्रवाळ मरतं, आणि पायाला कापलं तर ती जखम उष्ण हवेत चिघळायला वेळ लागत नाही.

आता देनाराऊ. ओळखीच्या मोठमोठ्या हॉटेलांची नावं तिथे असल्यामुळे आपले लोक आठवडाभराचं बुकिंग तिथेच करून मोकळे होतात. ही खारफुटीची दलदल भरून तयार केलेली जागा आहे. वाळू करडी, पाणी गढूळ. हॉटेलं उत्तम, बंदर सोयीचं, पण जाहिरातीतला निळा समुद्र देनाराऊच्या किनाऱ्यावर नाही. तो बोटीनं तासभर पुढे आहे. एखादी रात्र काढायला देनाराऊ चालेल, त्याहून जास्त नाही.

दुसरा मुक्काम कोरल कोस्ट. नांदीहून सुवाकडे जाणारा दक्षिणेचा रस्ता म्हणजे क्वीन्स रोड. पूर्ण अंतर १९० किलोमीटरच्या आसपास, गाडीनं साडेतीन-चार तास. या रस्त्याच्या मधल्या पट्ट्याला कोरल कोस्ट म्हणतात. इथे बोट नाही, चढउतार नाही, आणि पाहायला सगळ्यात जास्त वैविध्य आहे. तुमच्या कुटुंबासाठी खरं म्हणजे हाच सहलीचा गाभा, जरी तुमच्या यादीत यातली दोनच ठिकाणं आहेत.

पहिलं, सिंगातोकाचे वाळूचे डोंगर. १९८९ मध्ये जाहीर झालेलं हे फिजीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सिंगातोका नदीनं आणलेला गाळ आणि समुद्रावरून येणारा वारा यांनी हजारो वर्षांत हे ढिगारे रचले, काही ठिकाणी साठ मीटरपर्यंत उंच. वारा वाळू हलवतो तशी खालून लापिता नावाच्या प्राचीन लोकांची मातीची भांडी, खापरं वर येतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं इथे राहात होती आणि त्यांचे मृतही इथेच पुरलेले सापडले आहेत. सकाळी लवकर जा, दहानंतर वाळू तापते. चालायच्या दोन वाटा आहेत, छोटी तासाभराची. आई माहिती केंद्रात सावलीला बसू शकतात. खापर दिसलं तर बघा, उचलू नका.

जवळच कोरोतोंगोला कुला नावाचं वन्यजीव उद्यान आहे. तिथे मुलीला तो तुरेवाला इग्वाना जवळून पाहता येईल, कारण तिथे त्याच्या प्रजननाचं काम चालतं. अकरा वर्षांच्या मुलांना हे ठिकाण गुहांपेक्षा जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे. जुन्या ऊस-रेल्वेच्या रुळांवर पेडल मारत चालवायच्या गाड्याही या किनाऱ्यावर आहेत. त्यांना विजेची जोड असते, त्यामुळे दमायला होत नाही.

कोरल कोस्टवर हॉटेल घेताना एक गोष्ट विचारून घ्या: ओहोटीला समोर पोहता येतं का? बहुतेक जागी उत्तर 'नाही' असेल. किनाऱ्याला लागूनच प्रवाळाचा सपाट कठडा आहे. भरतीला त्यावर कंबरभर पाणी असतं, ओहोटीला घोट्याएवढं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा वेळापत्रक बघून पोहण्याच्या वेळा ठरवायच्या आणि ओहोटीला आईंबरोबर किनाऱ्यानं फिरायचं. दिवसभर पोहता येईल असा किनारा हवा असेल तर नातांडोला. तिथे प्रवाळाच्या भिंतीत खिंड आहे, वाळू पांढरी, पाणी खोल. मात्र त्याच खिंडीतून लाटा आत येतात. मुलीला एकटीला पाण्यात सोडू नका.

याच रस्त्यावर पुढे पॅसिफिक हार्बर येतं. तुमच्या यादीतलं शार्कबरोबरचं डायव्हिंग तिथलं. बेंगा लगूनजवळ २००४ मध्ये शार्क रीफ नावाचं राखीव क्षेत्र झालं. आसपासच्या गावांनी तिथला मासेमारीचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात प्रत्येक डायव्हरकडून घेतलेली रक्कम गावांना जाते. बुल शार्कसकट आठेक जातींचे शार्क तिथे दिसतात. शार्कना खायला घालून जवळ आणण्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण गावाला मेलेल्या शार्कपेक्षा जिवंत शार्कमधून जास्त मिळतं हा हिशोब तिथे टिकला आहे, हेही खरं. तुमच्याकडे डायव्हिंगचं प्रमाणपत्र नाही, तेव्हा तुमच्यापुरता विषय मिटला. आदल्या दिवशी शिकून दुसऱ्या दिवशी करण्यासारखी ही गोष्ट नाही.

कोरल कोस्टवरून एक दिवस सुवाला द्या. सोमवार ते शनिवार यांपैकी कुठलाही. रविवारी मुळीच नको, कारण फिजीत रविवार चर्चचा आणि बाजार, दुकानं जवळपास सगळी बंद. सुवात दोन गोष्टी. थर्स्टन गार्डनमधलं फिजी म्युझियम आणि नगरपालिकेचा बाजार. म्युझियममध्ये 'रातू फिनाऊ' ही १९१३ मध्ये बांधलेली जोडहोडी आहे. दोन सांगाड्यांवर तोललेल्या अशा होड्यांतून ही माणसं महासागर ओलांडत होती, ते ती पाहिल्यावर पटतं. १८६७ मध्ये विती लेवूच्या डोंगरात मारून खाल्लेल्या रेव्हरंड बेकर यांच्या बुटांचे तळवे तिथे काचेत ठेवलेले आहेत. मुलीला आधी सांगून ठेवा, किंवा सांगू नका, तुमची मर्जी. गिरमिटियांचं, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचं, दालनही याच इमारतीत.

गिरमिटियांबद्दल चार ओळी जास्त लिहिते, कारण तुमच्या यादीत त्यांच्याशी संबंधित एकही ठिकाण नाही, आणि भारतीय माणसानं फिजीला जाऊन फक्त समुद्र पाहून यावं हे मला पटत नाही. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन फिजीला पोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं अशी आली, पाच वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यात राबायला. आधी मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधून, १९०३ पासून मद्रासहूनही. गुजराती व्यापारी, सोनार, शिंपी मागाहून स्वतःच्या खर्चानं आले. मराठी माणसं यात शोधून सापडणं कठीण, पण तुमच्या टॅक्सीवाल्याशी तुम्ही हिंदीत बोलाल तेव्हा तो जे बोलेल ते अवधी-भोजपुरीच्या वळणाचं असेल आणि तुम्हाला कळेल. १४ मे हा तिथे गिरमिट दिन. २०२३ मध्ये त्या निमित्तानं पहिल्यांदा सार्वजनिक सुट्टी दिली गेली. तुमच्या तारखा त्या सुमाराच्या असतील तर कार्यक्रमांची चौकशी करा, आणि सुवाचा दिवस त्या सुट्टीवर पडणार नाही एवढं पाहा.

हा इतिहास रस्त्यावर पाहायचा तर नांदीच्या उत्तरेला लौतोका. १९०३ चा साखर कारखाना अजून तिथे उभा आहे. बांधला एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं, चालला तो गिरमिटियांच्या उसावर. गाळप जूनच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे मेमध्ये धुराडं थंड असण्याची शक्यता जास्त. पण नाशिकच्या माणसाला दुतर्फा ऊस आणि त्यातून गेलेले चिंचोळे रूळ ओळखीचे वाटतील. लौतोकातच कृष्ण-कालिया मंदिर आहे. नांदी गावातलं श्री शिव सुब्रमण्य स्वामी मंदिर तर यादीत असायलाच हवं होतं. द्राविडी शैलीतलं, डोळे दिपवणाऱ्या रंगांचं, १९९४ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं हे मंदिर दक्षिण भारतीय मजुरांच्या वंशजांनी उभारलं. त्या दिवशी मांसाहार केला असेल तर आत जायचं नाही असा तिथला संकेत आहे. गाभाऱ्याच्या भागात फोटो काढू देत नाहीत. आईंना फिजीत सगळ्यात जास्त काय आवडलं असं परतल्यावर विचाराल, तर पैज लावते, त्या हेच मंदिर सांगतील.

नांदीजवळच साबेतो डोंगरांच्या पायथ्याला ऑर्किडची बाग आहे, 'स्लीपिंग जायंट' नावाची. अमेरिकन अभिनेता रेमंड बर यानं १९७७ मध्ये आपला ऑर्किडचा संग्रह तिथे वाढवायला सुरुवात केली. फळ्यांच्या पायवाटा आहेत, सावली आहे, आईंना जमेल. शेजारी चिखलाची कुंडं आणि गरम पाण्याचे झरे. अंगाला चिखल फासून वाळवायचा आणि धुवायचा. मुलगी खूश होईल. तिचे कपडे वाया जातील.

यादीतून काय काढायचं तेही स्पष्ट सांगते. तावेउनी काढा. बूमाचे धबधबे सुंदर आहेत, पहिला तर दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. १८० रेखांशाची पाटीही आहे, तिथे लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. पण छोट्या विमानानं जायचं, सामानाची मर्यादा, हवा बिघडली की उड्डाण पुढे, आणि तावेउनी ही पावसाची बाजू. तिथलं खरं वैभव पाण्याखाली आहे, सोमोसोमो सामुद्रधुनीतल्या रेनबो रीफवर, आणि ते डायव्हिंग करणाऱ्यांचं. लेवुका काढा, हे सांगताना मला वाईट वाटतं. १० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी ब्रिटिशांच्या हवाली झालं ते त्याच गावात. पहिली राजधानी तीच होती आणि २०१३ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण जाऊन येण्यातच दोन दिवस मोडतील, आणि दोन दिवस तुमच्याकडे नाहीत.

गावात जाणार असाल तर एक शिष्टाचार पाळा. टोपी आणि गॉगल काढायचे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही. आपल्याकडे तो लाड असतो, तिथे तो अपमान ठरू शकतो. गावच्या प्रमुखाला यांगोनाच्या मुळ्यांची जुडी द्यायची, याला सेवुसेवू म्हणतात. जुडी नांदीच्या बाजारात मिळते. त्याच मुळ्यांचं कावा हे पेय करवंटीतून तुम्हाला देतील. चव मातकट, जीभ थोडी बधीर होते. आईंनी नम्रपणे नको म्हटलं तर कुणी रागावत नाही. हॉटेलातल्या नाचाच्या कार्यक्रमापेक्षा बा जिल्ह्यातलं नावाला हे गवताच्या छपरांच्या घरांचं गाव मला कितीतरी जास्त आवडतं. पण डोंगरातला रस्ता खडबडीत आहे. आईंची पाठ कशी आहे ते तुम्हालाच ठाऊक.

जेवणाचं. नांदी, लौतोका, सुवा इथे काळजी नको. रोटीत बटाट्याची किंवा फणसाची भाजी गुंडाळून देतात, ती सगळीकडे मिळते. बेटावर मात्र जेवण बहुधा राहण्याबरोबरच घ्यावं लागतं आणि बाहेर दुसरं काही नसतं. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा: मांस, मासे, अंडी नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर मासा येऊ शकतो. दालो म्हणजे आपला अळूचा कंद, रौरौ म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. आईंना दोन्ही आवडतील. त्याचाच पालुसामी नावाचा प्रकार मात्र विचारून घ्या, त्यात पुष्कळदा डब्यातलं गोमांस घालतात. घरून खाऊ नेणार असाल तर विमानातल्या कार्डावर सगळं जाहीर करा. दूध-तुपाचे पदार्थ, मध, बिया, ताजी फळं यांबाबत फिजीचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्यावर दंड बसतो.

प्रवासाची वाट. भारतीय पासपोर्टवर फिजीचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवली की उतरल्यावर परवाना मिळतो. तरी तिकीट काढण्याआधी नियम एकदा ताजे पाहून घ्या. गोम वाटेत आहे. सिडनी किंवा ऑकलंडमार्गे स्वस्त तिकीट दिसतं, पण भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. चौघांचा. म्हणून मी मुंबई-सिंगापूर-नांदी सुचवते. सिंगापूर ते नांदी दहा तासांच्या आसपास, आणि संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा, म्हणजे सिंगापुरात बॅगा घ्यायला बाहेर पडावं लागत नाही. फिजीचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे आहे, आईंची झोप दोन दिवस बिघडणार हे धरून चाला.

त्यामुळे क्रम असा ठेवा. पहिली रात्र नांदी, काही न करता; जमलं तर संध्याकाळी मंदिर. मग तीन रात्री मालोलो लाइलाइ. मग तीन रात्री कोरल कोस्ट, त्यातला एक दिवस सुवा. शेवटची रात्र पुन्हा नांदी, ऑर्किडची बाग किंवा लौतोका त्या दिवशी. बेट शेवटी ठेवायचं नाही, हा माझा जवळपास न मोडणारा नियम. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि सिंगापूरचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. गाडी तिथे डावीकडून चालते, इंग्रजीतला परवाना चालतो, तेव्हा स्वतः चालवू शकता. पण रात्री नको. रस्त्यावर गुरं असतात आणि गावांतून दिवे कमी. सुवाच्या दिवसापुरती चालकासह गाडी घेतलीत तर आई मागे बसून त्याच्याशी हिंदीत गप्पा मारतील.

यात पैशांचा आकडा मी मुद्दाम लिहिला नाही. मालोलो लाइलाइवर साधी खोली घेता की समुद्रासमोरचं घर, यावर खर्च खूप बदलतो, आणि बेटावरचं जेवण हा धरला जातो त्याहून मोठा खर्च असतो. तो आधी विचारा.

मला दोन गोष्टी कळवा. तुमचं परतीचं विमान सकाळचं आहे की रात्रीचं, आणि आई धक्क्यावरून बोटीत टाकलेल्या फळीवरून हात धरून दहा पावलं चालू शकतात का. विमान रात्रीचं असेल तर शेवटची रात्र नांदीऐवजी कोरल कोस्टलाच राहू शकता. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर बेटावरच्या तीन रात्री काढून त्या नातांडोलाला द्या. मग तुम्ही आणि मुलगी एक दिवस सकाळच्या बोटीनं मामानुथाला जाऊन संध्याकाळी परत या.